परिचारिका वॉर्डातील नोंदी संगणकावर वेळेत का करत नाहीत? नोंदींच्या सॉफ्टवेअरच्या रचनेबद्दल मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न: सॉफ्टवेअर विकासक, जळगाव

नमस्कार. आम्ही चौघे जण जळगावात सॉफ्टवेअरचा एक लहान व्यवसाय चालवतो. धुळे जिल्ह्यातील साठ खाटांच्या एका खासगी रुग्णालयासाठी आम्ही रुग्णनोंदींचे सॉफ्टवेअर तयार केले असून ते गेल्या दिवाळीपासून वापरात आहे. नोंदणी, बिल, औषध भांडार आणि प्रयोगशाळा हे भाग सुरळीत चालतात. डॉक्टरांचीही फारशी तक्रार नाही. अडचण आहे ती नर्सिंगच्या भागाची. तापमान, नाडी, श्वसन, रक्तदाब, दिलेली औषधे, सलाईन, लघवीचे प्रमाण या सगळ्यांसाठी आम्ही काळजीपूर्वक फॉर्म बनवले, दोन वेळा प्रशिक्षण दिले, तरीही सिस्टर सगळे आधी कागदावर लिहितात आणि ड्यूटी संपायच्या सुमारास एकदम संगणकात भरतात. मागच्या आठवड्यात मी डेटाबेस तपासला, तेव्हा एका वॉर्डातील सोळा रुग्णांच्या सकाळच्या आठ आणि दुपारच्या बाराच्या नोंदी एकाच लॉगिनवरून १:३५ ते १:५५ या वीस मिनिटांत भरलेल्या दिसल्या.

व्यवस्थापनाची सूचना अशी आहे की, ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने फॉर्म बंद व्हावा आणि सर्व रकाने सक्तीचे करावेत. मला हा उपाय पटत नाही, कारण दोन रात्री त्या वॉर्डात बसून मी जे पाहिले त्यात कामचुकारपणा कुठेही नव्हता. होती ती सततची धावपळ. मात्र मग करायचे काय, याचे उत्तरही माझ्याकडे नाही. टॅब द्यावेत का, पडद्यावरचा सगळा मजकूर मराठीत करावा का, फॉर्म लहान करावेत का? ज्यांनी वॉर्डात काम केले आहे किंवा अशी व्यवस्था उभी केली आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १: निवृत्त परिसेविका (वॉर्डप्रमुख परिचारिका), धुळे

आपण प्रश्न विचारण्याआधी वॉर्डात जाऊन बसलात, याचे मला फार समाधान वाटले. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासमोर तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर आली. त्यांतले एकही बनवणारा माणूस रात्रपाळीला आलेला मी पाहिला नाही.

आपल्याला दिसलेल्या त्या नोंदी खोट्या नाहीत, उशिरा भरलेल्या आहेत. आठ वाजता सिस्टरने ताप पाहिलाच होता, पण तेव्हा ती सातव्या खाटेजवळ होती आणि संगणक वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, काचेच्या खोलीत होता. प्रत्येक रुग्णामागे तिकडे जाऊन यायचे म्हटले, तर सोळा रुग्णांचा ताप घेण्यातच सकाळ संपेल. म्हणून ती एप्रनच्या खिशातल्या कागदावर लिहिते. आपली खरी स्पर्धा आहे ती या खिशातल्या कागदाशी, आणि तो कागद अजून तरी आपल्या सॉफ्टवेअरपेक्षा चांगला आहे, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

तो कागद एकदा मागून बघा. सिस्टर आढेवेढे घेतील, कारण त्यांना ते कच्चे लिखाण वाटते. पण विश्वासाने मागितलात तर देतील. ओव्हर घेताना, म्हणजे पाळी बदलताना आधीच्या सिस्टरकडून रुग्णांची माहिती घेताना, चार घड्या घातलेल्या त्या कागदावर डावीकडे खाट क्रमांक, पुढे सलाईन किती वाजता संपणार, कोणाची साखर किती वाजता तपासायची, कोण उपाशी ठेवलेला आहे, कोणाचा रिपोर्ट यायचा आहे, कोणाची लघवी सकाळपासून झालेली नाही, कोणत्या रुग्णाच्या नातेवाइकाला रक्त आणायला पाठवले आहे, एवढेच असते. झालेल्या कामावर आडवी रेघ मारलेली असते, आणि ज्याची काळजी वाटते त्या खाटेभोवती गोल केलेला असतो. तो गोल कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये मी अजून पाहिलेला नाही. रुग्णाचे आकडे बरे असतात, तरी चेहरा बरा दिसत नाही; अनुभवी परिचारिकेला ते कळते आणि ती पुढच्या पाळीला सांगते, "नऊ नंबरवर लक्ष ठेव गं." ही सूचना लिहायला आपल्या फॉर्ममध्ये जागा कुठे आहे?

सगळ्या गोष्टीचे मूळ माझ्या मते इथेच आहे. परिचारिकेच्या लिखाणाचा पहिला वाचक म्हणजे पुढच्या पाळीची परिचारिका. डॉक्टर, विमा कंपनी आणि व्यवस्थापन हे नंतरचे वाचक. सॉफ्टवेअर मात्र बहुतेक वेळा नंतरच्यांसाठी लिहिलेले असते, आणि मग सिस्टरला वाटते की आपण दुसऱ्याच कोणाचे काम करत आहोत. ओव्हरच्या वेळी वॉर्डाचा जो पट डोळ्यांसमोर हवा, तो एका पडद्यावर खाटेच्या क्रमाने दिसू द्या आणि सकाळपासून भरलेल्या नोंदींतून आपोआप तयार होऊ द्या. ज्या दिवशी ओव्हर त्या पडद्यावरून दिला जाईल, त्या दिवसापासून नोंदी वेळेत होऊ लागतील, कारण त्या न केल्याचा त्रास मैत्रिणीला होणार आहे.

एक प्रसंग सांगते. कपाशीवर फवारणीचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण येतात. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाची बाधा असेल तर अ‍ॅट्रोपिन द्यावे लागते, आणि छातीतली घरघर थांबून तोंडातला स्राव सुकेपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जावी लागते. प्रत्येक वेळी नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या आणि छाती तपासायची असते. मी ज्या रुग्णालयात होते तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये एका तासाला औषधाची एकच ओळ उघडत असे. त्या रात्री एका सालदाराला पाऊण तासात सात वेळा अ‍ॅट्रोपिन दिले गेले. सिस्टरने पहिली मात्रा ओळीत भरली आणि उरलेल्या सहा शेऱ्यात लिहिल्या. पहाटे आलेल्या डॉक्टरांनी आलेख उघडला, त्यात एकच मात्रा दिसत होती. सिस्टर शेजारी उभी होती म्हणून तिने सांगितले आणि पुढचा अनर्थ टळला. ती जेवायला गेली असती तर काय झाले असते, याचा विचार आजही मनात येतो. अशा रुग्णासाठी एकाच पडद्यावर वेळ आपोआप उमटणारी, एका स्पर्शात नवी ओळ जोडणारी सोय हवी. त्या क्षणी बाकी सर्व रकाने बाजूला राहिले तरी चालतील.

फॉर्म बंद करण्याचा उपाय मात्र करू नका. बंद झालेल्या फॉर्ममुळे नोंद लवकर होत नाही. घाईत पुढचे आकडे आधीच भरून ठेवण्याची सवय लागते, आणि ती सवय उशिरा लिहिण्यापेक्षा फार वाईट आहे.

उत्तर २: अधिपरिचारिका, नंदुरबार जिल्हा

परिसेविका मॅडमनी मुख्य गोष्ट सांगितलेलीच आहे. मी आमच्या भागातल्या काही अडचणी सांगते, ज्या मोठ्या शहरात बसून सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या लक्षात येत नाहीत.

पहिली अडचण नावांची. आमच्याकडे एका वॉर्डात पाडवी, वसावे, वळवी, तडवी, पावरा ही आडनावे पुन्हा पुन्हा येतात, आणि नावही सारखेच असलेल्या दोन स्त्रिया शेजारच्या खाटांवर असणे हे नेहमीचे आहे. नाव टाइप करून रुग्ण शोधायला लावणारा पडदा इथे धोक्याचा आहे, कारण यादीतली पहिली ओळ दाबली जाते. नावाबरोबर पतीचे किंवा वडिलांचे नाव, गाव किंवा पाडा, वय आणि खाट क्रमांक हे सगळे मोठ्या अक्षरांत एकत्र दिसले पाहिजे, आणि सारखे नाव असेल तर पडद्याने स्वतःहून तसे सांगितले पाहिजे. जन्मतारखेवर भिस्त ठेवू नका. अनेकांना ती माहीत नसते, म्हणून नोंदणीच्या वेळी १ जानेवारी टाकली जाते आणि मग निम्म्या वॉर्डाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. वय अंदाजे असल्याचे नोंदवण्याची सोय द्या.

दुसरी अडचण तक्रारीच्या शब्दांची. धुळे-साक्रीकडून आलेल्या एका आजी रात्री मला म्हणाल्या, "मना जीव घाबरस." सॉफ्टवेअरच्या यादीत त्याच्या सर्वांत जवळचा पर्याय 'अँग्झायटी' असा होता. आमच्याकडे जीव घाबरणे याचा अर्थ धडधड, दम, घाम, पोटातली आग किंवा नुसती भीती, यांपैकी काहीही असू शकतो. मी साखर पाहिली तर ती ५२, म्हणजे फारच कमी निघाली. यादीतला शब्द निवडून पुढे गेले असते, तर सकाळी फाईल वाचणाऱ्याला आजी घाबरट वाटल्या असत्या. रुग्णाचे शब्द त्याच्याच बोलीत, मग ती अहिराणी असो, भिली असो की पावरी, देवनागरीत जसेच्या तसे लिहिण्याची एक ओळ ठेवा. वर्गीकरण त्यानंतर करता येते.

सगळा पडदा मराठीत करावा का, याचे माझे उत्तर 'नाही' असे आहे. आम्ही नर्सिंग इंग्रजीतून शिकलो. औषधांची नावे, बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (तीनदा), स्टॅट (ताबडतोब), एनबीएम (तोंडाने काही द्यायचे नाही) हे शब्द तसेच राहू द्या. 'नाडी' लिहिले काय आणि 'पल्स' लिहिले काय, आम्हाला फरक पडत नाही. पण सलाईनला 'अंतःशिरा द्रव' असे वाचायला लागले तर थांबून विचार करावा लागतो. मराठी खरोखर हवी आहे ती दोन ठिकाणी. नोंदीत चूक झाल्याचे सांगणारी वाक्ये सरळ मराठीत असावीत, म्हणजे रात्री तीन वाजता ती समजून घ्यायला डोके खर्च करावे लागणार नाही. आणि डिस्चार्ज कार्डावरचा गोळ्या कधी घ्यायच्या हा भाग रुग्णासाठी मराठीत छापला जावा.

मापनांचेही बघा. आमच्या वॉर्डात ताप फॅरनहाइटमध्ये मोजला जातो. बाहेरून आणलेल्या एका सॉफ्टवेअरमध्ये रकाना सेल्सिअसचा होता आणि १०१ लिहिले की तो लाल होत असे. शेवटी सगळ्यांनी सरसकट ३७ लिहायला सुरुवात केली. सलाईनचेही तसेच. तिथे तासाला किती मिली असे विचारले होते, पण आमच्याकडे प्रत्येक खाटेला सलाईनचा वेग राखणारा पंप नसतो, आम्ही थेंब मोजतो. पाचशे मिलीची बाटली आठ तासांत द्यायची असेल आणि सलाईनच्या नळीचा सेट मिलीला वीस थेंबांचा असेल, तर मिनिटाला सुमारे एकवीस थेंब येतात; पंधरा थेंबांचा असेल तर सोळा. हा हिशेब सॉफ्टवेअरने करून दिला आणि बाटली संपण्याची वेळही दाखवली, तर त्या एका सोयीसाठी सिस्टर आपणहून पडदा उघडतील.

एकच लॉगिन सगळ्या का वापरतात, हेही सांगते. आमच्याकडे दोन मिनिटे हात लागला नाही की पडदा बंद होतो, आणि पासवर्डमध्ये मोठे अक्षर, अंक आणि चिन्ह असावे लागते. हातात सिरिंज असताना ते शक्य नसते, म्हणून सकाळी जी पहिली येते तिचेच लॉगिन दिवसभर चालते. मग काही चुकले की जबाब तिला द्यावा लागतो. ओळखपत्र टेकवून किंवा चार अंकी पिन देऊन दोन सेकंदांत स्वतःच्या नावाने आत जाता आले, तर ही पद्धत आपोआप बंद होईल.

उत्तर ३: आरोग्य माहिती तंत्रज्ञान, पुणे (मूळ गाव भुसावळ)

दोन्ही सिस्टरांच्या उत्तरांना जोडून तंत्राच्या बाजूने काही सांगतो.

टॅब द्यावेत का, हा प्रश्न विचारण्याआधी वॉर्डाच्या दोन्ही टोकांना नेटवर्क पोहोचते का आणि वीज गेल्यावर ते किती वेळ टिकते, हे तपासा. सॉफ्टवेअर नेटवर्कशिवाय चालू राहिले पाहिजे: नोंद आधी त्या उपकरणातच साठवावी, जोडणी आल्यावर सर्व्हरवर जावी, आणि ती अजून गेलेली नाही हे पडद्यावर दिसावे. एकदा भरलेली नोंद जोडणी तुटल्यामुळे गायब झाली की सिस्टरांचा विश्वास उडतो, आणि तो पुढची कित्येक वर्षे परत येत नाही. औषधांच्या फेरीसाठी हातातल्या लहान टॅबपेक्षा चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला पडदा अधिक सोयीचा ठरतो, असा माझा अनुभव आहे, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. बटणे मोठी ठेवा, कारण हातात मोजे असतात. अर्थ केवळ रंगातून सांगू नका, कारण काही पुरुषांना रंगभेद नीट कळत नाही आणि आता वॉर्डात ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारकही बरेच असतात.

औषध देताना रुग्णाच्या मनगटपट्टीवरचा आणि औषधावरचा बारकोड स्कॅन करण्याचा विचार पुढे कधीतरी आपल्याकडे येईलच, म्हणून दोन अभ्यास सांगून ठेवतो. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधला अभ्यास २०१० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वेळेच्या चुका वगळता औषध देण्यातल्या इतर चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. आकडा भरघोस आहे, पण त्याच्या दोनच वर्षे आधी, २००८ मध्ये, अमेरिकेतील पाच रुग्णालयांच्या पाहणीतून कॉपेल आणि सहकाऱ्यांनी परिचारिका या बारकोडला वळसा कसा घालतात, याचे पंधरा प्रकार आणि त्यामागची एकतीस कारणे नोंदवली होती. मनगटपट्टी फाटलेली, स्कॅनर बंद, बॅटरी उतरलेली, नेटवर्क नाही, ही ती कारणे. म्हणून रुग्णाच्या बारकोडच्या जादा प्रती काढून त्या दाराच्या चौकटीला किंवा कमरेच्या कडीला अडकवल्या जात. ज्यांनी हे केले त्यांना काम संपवायचे होते. आपल्या वॉर्डातला खिशातला कागद हाही असाच एक वळसा आहे, आणि प्रत्येक वळसा रचनेतला एक दोष दाखवतो. तो दोष शोधायचा असतो. वळसा घालणाऱ्याला शिक्षा करून तो सापडत नाही.

इशाऱ्यांच्या बाबतीत हात आखडता ठेवा. प्रत्येक औषधाला पिवळी चौकट उघडू लागली की आठवड्याभरात न वाचता 'ओके' दाबायची सवय लागते, आणि मग पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीची चौकटही तशीच दाबली जाते. त्यापेक्षा भरलेल्या आकड्यांतून काहीतरी उपयोगाचे परत द्या. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली 'न्यूज' ही गुणपद्धत श्वसनाचा वेग, ऑक्सिजनची पातळी, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे की नाही, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धीची स्थिती आणि तापमान यांवरून रुग्ण खालावत चालला आहे का हे सांगते. बेरीज पाच झाली की तातडीने पाहायचे आणि सात झाली की आणीबाणी समजायची. सिस्टरने सात नोंदी केल्या की बेरीज तिथेच दिसावी, आणि परिसेविका मॅडमनी सांगितलेला हाताने करायचा गोल त्याच्या शेजारी असावा. गोल सिस्टरचा, बेरीज यंत्राची. दोन्ही दिसू द्या.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशपातळीवरची सुरुवात २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाली, त्यातला आभा क्रमांक, म्हणजे व्यक्तीच्या आरोग्य खात्याचा क्रमांक, चौदा अंकी आहे. तो जोडा, पण जोडणी नोंदणीच्या टेबलावर होऊ द्या. खाटेजवळ सिस्टरला तो कधीही टाइप करावा लागू नये.

उत्तर ४: फिजिशियन, चोपडा

चर्चा वाचून एक शंका मांडतो. नोंद उशिरा करण्याची मोकळीक दिली, तर एमएलसीच्या (पोलिसांकडे कळवाव्या लागणाऱ्या) प्रकरणात किंवा ग्राहक न्यायालयात त्या नोंदीची किंमत काय राहील? दोन वाजता बसून आठचा रक्तदाब लिहिला, असे उलटतपासणीत निघाले, तर अडचण परिचारिकेचीच होईल. म्हणून काही प्रमाणात सक्ती आवश्यक आहे, असे मला वाटते.

परिसेविकेचे उत्तर

डॉक्टर, आपली शंका अगदी रास्त आहे, आणि त्यासाठीच मला दोन वेळा वेगळ्या हव्या आहेत: काम घडल्याची वेळ आणि नोंद केल्याची वेळ. घडल्याची वेळ सिस्टर भरेल, नोंदीची वेळ यंत्र स्वतः उमटवेल आणि ती कोणालाही बदलता येणार नाही. दुरुस्ती झाली तर जुना आकडा रेघ मारल्यासारखा खाली दिसत राहावा. कागदावरही आम्ही हेच करत होतो. 'उशिरा नोंद' असे लिहून वेळ टाकत होतो आणि सही करत होतो. प्रामाणिक उशीर न्यायालयात समजावून सांगता येतो. बरोबर आठला भरलेले सोळा एकसारखे रक्तदाब समजावून सांगता येत नाहीत.

सक्ती करायचीच असेल तर ती तीन गोष्टींपुरती ठेवा: अ‍ॅलर्जी, लहान मुलाचे वजन आणि औषध न दिल्यास त्याचे कारण. वजनाशिवाय मुलाची मात्रा ठरत नाही, म्हणून तिथे थांबवणे सिस्टरलाही पटेल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. मंगळवारी मी रुग्णालयात जाऊन सिस्टरांना खिशातले कागद मागितले. आधी कोणी द्यायला तयार नव्हते. मग इन्चार्ज सिस्टरांनी स्वतःचा दिला आणि संध्याकाळपर्यंत सात जमले. रुग्णांची नावे झाकून मी ते टेबलावर शेजारी शेजारी मांडले. सातही कागदांवर पहिला रकाना खाट क्रमांकाचा होता, आणि सहांवर दुसरा रकाना सलाईन संपण्याच्या वेळेचा. आमच्या पहिल्या पडद्यावर सुरुवातीला नोंदणी क्रमांक, मग विमा कंपनी आणि मग उपचार करणारे डॉक्टर दिसतात. खाट क्रमांक पाहायला उजवीकडे सरकावे लागते, आणि सलाईन संपण्याची वेळ कुठेच नाही. चार कागदांवर गोलही होते. एका गोलाशेजारी 'मुलगा रडत नाही' एवढेच लिहिलेले होते.

आम्ही तो पडदा रद्द केला आहे. खाटेच्या क्रमाने नवा पट, थेंबांचा हिशेब, दोन वेगळ्या वेळा, पिनचे लॉगिन आणि गोल, एवढे करून पुढच्या महिन्यात एकाच वॉर्डात सुरू करणार आहोत. फॉर्म बंद करण्याची सूचना व्यवस्थापनाने तोपर्यंत बाजूला ठेवली आहे. परिसेविका मॅडम, आपण धुळ्यातच असता, तर पहिल्या दिवशी वॉर्डात येऊ शकाल का?

परिसेविकेचे उत्तर

येईन. मात्र सकाळी दहाला बोलावू नका, तेव्हा राउंड चालू असतो. रात्रपाळीचा ओव्हर पावणेआठला सुरू होतो. आपण दोघे साडेसातला वॉर्डात असू. आणि पहिले पंधरा दिवस कागद बंद करू नका, पट आणि कागद दोन्ही चालू द्या. कोणत्या गोष्टीसाठी सिस्टर अजून खिशात हात घालते, ते आपल्याला त्यातूनच दिसेल.